आबेदा मॅडमचा भाकरीचा तास

आबेदा मॅडम पुढच्या आठवड्यात शाळेत असतील की नसतील, हा विचार संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही. खरं तर त्या माझ्या कोणी लागत नाहीत. माझ्या मुलीला, प्रेरणाला, चौथीत गणित शिकवतात, एवढंच. आणि शाळा सुरू झाल्यापासून मी मनातल्या मनात देवाला विनवत आले आहे की या बाईला थोडं कमी चांगलं शिकवू दे. आता त्या जायची वेळ आली आहे, तर मला झोप नाही. घरातले सगळे झोपलेत म्हणून लिहायला बसले. दिवसाउजेडी हे लिहिताना कोणी पाहिलं असतं तर मी कागद उलटा ठेवला असता.

आधी काय झालंय ते सांगते. आमची शाळा पडेगावला, दौलताबादच्या रस्त्यावरून थोडं आत. लहानशी, खासगी. आबेदा मॅडम दर शनिवारी वर्गात खायच्या वस्तू आणायला लावतात आणि त्या मोडून, वाटून मुलांना अपूर्णांक शिकवतात. मुलं त्याला भाकरीचा तास म्हणतात. त्यावर तक्रार झाली. उद्या शाळेच्या समितीची बैठक आहे, आणि चौथीच्या पालकांची प्रतिनिधी मी असल्यामुळे मुख्याध्यापक मोतीराम साळुंके सरांचा मला फोन आला.

"ताई, तुमचं मत काय पडतं तेच मी समितीपुढं ठेवणार. पालकांना नको असंल तर तास बंद करू. सकाळी प्रार्थनेच्या आधी तेवढं कळवा, नाहीतर आलेली तक्रारच धरावी लागंल."

"आणि मॅडम?" मी विचारलं.

"त्या म्हणाल्यात, नुसती चित्रं काढून मला हे शिकवता येत नाही. तास बंद केला तर मी जाते. बिडकीनच्या एका शाळेनं बोलावलंय त्यांना. भांडल्या वगैरे नाहीत, हां. सरळ सांगितलं."

म्हणजे मी नको म्हटलं, किंवा गप्प बसले, तरी त्या जातील. मला कोणाविरुद्ध काही करायचीसुद्धा गरज नाही.

आता या बाईंबद्दल मला इतकं का वाटतं, ते सांगायला हवं.

मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण पोरीचं गणित मी घेईन, त्यासाठी कोणाच्या दारात जायचं नाही, हे मी ती पाळण्यात असल्यापासून ठरवलं होतं. अपूर्णांक सुरू व्हायच्या आधी सुट्टीतच मी तिला घेऊन बसले. कागदावर गोल काढले, रंगीत पेन्सिलीनं भाग रंगवले. एक छेद चार, एक छेद आठ. मग विचारलं, यातला मोठा कोणता?

"एक छेद आठ," प्रेरणा म्हणाली.

"का?"

"आठ मोठे असतात ना चारपेक्षा."

मी परत गोल काढला. ती परत आठच म्हणाली. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कृष्णा, म्हणजे माझा नवरा, कारखान्यातून दमून आला होता. तो म्हणाला, "राहू दे ना. शाळेत शिकवतील की." ते वाक्य मला लागलं. शाळेत शिकवतील, म्हणजे मला जमत नाही.

आणि शाळेत शिकवलंच. एका शुक्रवारी प्रेरणा म्हणाली, "उद्या डब्यात भाकरी दे. अख्खी दे, मोडू नको." ही पोरगी भाकरीला हात लावत नव्हती. शनिवारी संध्याकाळी ताटावर बसली आणि म्हणाली, "आई, मला चतकोर वाढ."

माझ्या सासूबाई, आशाबाई, शेजारीच बसल्या होत्या. त्यांचा घास हातातच राहिला.

"कुणी शिकवलं गं तुला चतकोर?"

"आबेदा मॅडमनी. एका भाकरीचे सारखे चार केले की एक चतकोर. आणि आजी, चतकोराचा पण अर्धा केला की नितकोर."

"आता गं बया. हा शबुद माझी माय म्हणायची. मला वाटलं मेला तिच्यासंगंच. लई गुणाची बाई दिसती तुझी मॅडम."

मी भाकरी वाढत विचारलं, "मग सांग, एक छेद चार मोठा का एक छेद आठ?"

प्रेरणानं माझ्याकडं दयेनं बघितलं. "आई, खाणारे जितके जास्त, तितका तुकडा बारका. एवढं पण नाय कळत?"

सासूबाई हसल्या. कृष्णाही हसला. मी तव्याकडं वळले. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल, पण त्याच्यावर दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. मी कागदावर काढलेल्या इतक्या गोलांना या बाईनं एका भाकरीत हरवलं होतं.

त्यानंतर आमच्या घरात जेवताना एक पाचवं माणूस बसायला लागलं. मॅडम म्हणतात, तुकडे सारखे नसतील तर त्याला अपूर्णांक म्हणायचंच नाही. मॅडम म्हणतात, जो मोडतो त्यानं शेवटी उचलायचं, म्हणजे मोडणारा आपोआप सारखं मोडतो. हा नियम प्रेरणानं घरात लागू केला. कृष्णानं आंब्याची पोळी मोडली आणि सवयीनं पहिला तुकडा उचलला, तर तिनं त्याच्या हातातून काढून घेतला. सासूबाईंना हे इतकं आवडलं की त्या आता मुद्दाम कृष्णाला मोडायला देतात. "मोड रे, आन बस वाट बघत."

एकदा वर्गात आबेदा मॅडमनी विचारलं, पाव म्हणजे किती? शिवम नावाचा मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, पाव म्हणजे एक. अख्खा." सगळा वर्ग त्याच्याच बाजूचा. बेकरीतून आणतो तो पाव अख्खाच असतो, त्यात चूक काय? मॅडम रागावल्या नाहीत. पुढच्या शनिवारी पावांची लादी घेऊन आल्या, एक पाव सुटा केला, त्याचे चार भाग केले आणि म्हणाल्या, "हा पाव. आणि हा त्याचा पाव. आता सांगा बेटा, पाव पाव कोणाला पाहिजे?" पोरं बाकांवर लोळली म्हणे. हे सांगताना प्रेरणाच्या नाकातून पाणी आलं, इतकी ती हसत होती. मी हसले नाही. मला राहून राहून वाटत होतं, मराठी माझी, गणित माझं, हा विनोद मला का सुचला नाही.

मीही प्रयत्न केला. एका रविवारी घरी पिझ्झा केला, कापायचं चाक विकत आणून आठ भाग केले. प्रेरणा ताटलीभोवती फिरली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "हे सारखे नाहीत, आई. मॅडम असे चालवून घेत नाहीत." खाल्ला सगळा, पण गणित म्हणून नाही खाल्ला.

पहिल्या पालकसभेला मी त्यांना नीट पाहायला गेले. पाहायलाच, दुसरं काही काम नव्हतं. तिशीच्या पुढच्या, उंचीनं बेताच्या, दुपट्टा खांद्यावर पिनांनी पक्का लावलेला. आवाज घोगरा. फळ्यावरची ओळ वर चढत जाते, हेही मी पाहून ठेवलं. चिडल्या की तोंडातून "कायको" निघतं, आणि पोरं त्यांची नक्कल करतात, त्यांच्यासमोरसुद्धा. मी एकेक खोट गोळा करत होते आणि त्या सगळ्या प्रेरणाला आवडणाऱ्याच निघत होत्या.

त्या दिवशी सभा संपल्यावर मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला सुचलं कुठून, डी.एड.ला शिकवतात का? विचारण्यात थोडा काटा होता. त्यांना तो दिसला नाही, किंवा दिसूनही त्यांनी तो घेतला नाही.

"नाही हो ताई. आमची नानची भट्टी आहे, शहागंजच्या बाजूला. अब्बांची."

त्यांच्या वडिलांचं नाव नूरमोहम्मद. भट्टीवर नान अख्खाच विकायचा रिवाज. लग्नकार्याला तर ढिगानं जातो. पण एखादा हातगाडीवाला, एखादी म्हातारी अर्धा मागायची. नूरमोहम्मद अर्धा मोडून द्यायचे आणि उरलेला अर्धा फडक्याखाली वेगळा ठेवायचे. तो दुसऱ्या नानच्या अर्ध्याला जोडून कोणाला द्यायचा नाही, घरी खायचा नाही. अर्धा मागणारा दुसरा कोणी येईपर्यंत तो नान विकला गेला असं ते धरतच नसत. छोट्या आबेदाचं काम एकच, भट्टीच्या पायरीवर बसून या अर्ध्याचा मालक कोण येतोय ते बघायचं.

"कधी कधी मगरिबपर्यंत, दिवस बुडेपर्यंत यायचाच नाही कोणी," त्या म्हणाल्या. "मी रडकुंडीला यायची. अब्बा म्हणायचे, येईल, अर्धी भूक लागलेला माणूस कुठंतरी चाललेला असतोच. मला अर्धा म्हणजे काय ते तिथं कळलं, ताई. अर्धा म्हणजे दुसऱ्या अर्ध्याची वाट बघणारा."

त्या मराठी शाळेत शिकल्या, त्याचंही कारण असंच. उर्दू शाळा गल्लीच्या पलीकडं होती, मराठी शाळा भट्टीच्या समोर. वडिलांना काम करता करता पोरगी दिसायला हवी होती. पुढं डी.एड. केलं. भट्टी आता भाऊ फरदीन बघतो. त्या स्कूटीवरून शहर ओलांडून पडेगावला येतात, शनिवारी पायांपाशी पिशवी ठेवून.

हे ऐकून माझा काटा बोथट व्हायला पाहिजे होता. उलट मला वाटलं, हिच्याकडं सांगायला अशी गोष्ट आहे. माझ्याकडं काय आहे? मी कॉलेजात शिकले, परीक्षा दिल्या, पास झाले.

मग दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी पालकांसाठी जत्रा भरवली. प्रत्येक बाकावर एक दुकान. एका मुलानं दौलताबाद रस्त्यावरून जाम आणले होते, पुस्तकात ज्यांना पेरू म्हणतात ते, आणि तो ते चिरून पाऊण जाम मागणाऱ्याला तीन फोडी देत होता. एका मुलीनं सीताफळ आणलं होतं आणि त्याचे सारखे भाग काही होईनात. ती रडवेली झाली. मॅडम म्हणाल्या, "काही गोष्टी मोडून वाटता येत नाहीत, मोजून वाटाव्या लागतात." मग ती एकेक गर सुटा करत बिया मोजायला बसली.

प्रेरणाच्या बाकावर भाकरी होती. मॅडमनी तिच्यापुढं टोपली सरकवली. "प्रेरणा, यात बारा चतकोर आहेत. सगळ्यांना दाखव, किती भाकऱ्या होतात?"

आम्ही पालक गोळा झालो. मी पुढंच उभी होते. मला माहीत होतं, तिला येतं. तिनं चार चतकोर जुळवून एक भाकरी केली. दुसरी केली. मग दोन चतकोर जुळवून एक अर्धी ठेवली, आणि उरलेल्या दोन चतकोरांची दुसरी अर्धी, पहिलीपासून बोटभर अंतरावर.

"किती झाल्या?"

"अडीच आणि अर्धी."

मागून कोणीतरी हसलं. "तीन म्हण की गं."

प्रेरणानं मान हलवली. "तीन नाही."

माझे कान तापले. इतके महिने मॅडम मॅडम केलं आणि साध्या प्रश्नाला सगळ्यांसमोर अडली. खरं सांगायचं तर त्यातही एक गार झुळूक होती. चुकली तर तिची मॅडम चुकली.

आबेदा मॅडम मात्र बाकाशी गुडघ्यावर बसल्या. "तीन का नाही, बेटा?"

"ताटात तीन वाढत नाहीत, मॅडम. आजी म्हणते, तीन तिगाडा काम बिगाडा. तीन झाल्या की आई एक मोडते आणि मग वाढते. अडीच आणि अर्धी."

सगळ्या आया एकदम हसल्या, कारण सगळ्यांच्याच घरी हे होतं. तिसरी पोळी वाढायची तर ती मोडून वाढायची, नाहीतर एक तुकडा काढून घ्यायचा. आपण हे का करतो, कोणी विचारत नाही. हात आपोआप करतो.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्या दोन अर्ध्यांकडं बघितलं. "आमच्यात हे नाही. मला माहीत नव्हतं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ताई, अडीच अधिक अर्धा बरोबर तीन, हे तुमची मुलगी घरून शिकून आलीय. रोज तुमच्या हाताकडं बघून. मी तिला नावं सांगितली फक्त."

लोक माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. कोणी म्हणालं, वा, आईचं शिक्षण. मी हसले आणि घरी येऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मी रोज मोडत होते आणि पोरगी रोज बघत होती. ते मला दिसलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात कधी पाऊल न ठेवलेल्या बाईला एका उत्तरात दिसलं. मोठेपणा मला दिला त्यांनी, वर सगळ्यांसमोर दिला. घेतलेलं परत मागता येतं, दिलेल्याचं काय करायचं?

जत्रेचे फोटो पालकांच्या ग्रुपवर आले. दुसऱ्या दिवशी शिवमच्या आईनं त्याखाली लिहिलं, कोणाच्या हातचं कोण खातंय याचा काही नियम आहे का? स्वच्छतेचं काय? काहींनी अंगठे दिले. मग तिनं शाळेत रीतसर तक्रार दिली. आज सरांच्या फोननंतर तिचाही फोन आला.

"ताई, मी वाईट बोलले का काही? पोरांनी घरचं खावं, एवढंच माझं म्हणणं. आपल्या घरचं."

"आपल्या" वर तिचा आवाज किंचित थांबला. स्वच्छता म्हणून तिला खरं काय म्हणायचं होतं, ते त्या थांबण्यात होतं.

मी म्हणाले, "सगळे डबे घरूनच येतात की."

"तुम्ही समजून घ्या ना. आणि तुम्हाला तरी ती कुठं आवडते? सभेतच माझ्या ध्यानात आलं होतं. तुम्ही नुसत्या बघत होता तिच्याकडं."

मला सांगायचं होतं की माझं न आवडणं वेगळं आहे. पण वेगळं म्हणजे कसं, ते काही बोलता येईना. तिनं ते बघितलं होतं आणि आपल्याच पंगतीला नेऊन बसवलं होतं. "बघते," एवढं म्हणून मी फोन ठेवला. अजूनही मला तिचा जास्त राग येतोय का माझा, ते नक्की सांगता येत नाही.

कृष्णाला विचारलं तर तो म्हणाला, "त्यात काय विचार करायचा? चालू ठेवा म्हणून सांग." त्याला सोपं आहे. त्याच्या पोरीच्या मनातली जागा कोणी घेतलेली नाही.

मी खरंच ठरवत आले होते की काही कळवायचं नाही. सर समजून घेतील, समिती काय ते करेल, आणि प्रेरणा थोडे दिवस रडून विसरेल. मग जेवणं झाल्यावर मी तिची वेणी घालत होते. ती डोकं मागंपुढं करत होती.

"हळू ना. सारजाबाई ओढत नव्हत्या."

सारजाबाई म्हणजे तिच्या अंगणवाडीतल्या बाई. प्रेरणा चार वर्षांची असताना त्या मुलाकडं पैठणला राहायला गेल्या. त्यांच्यानंतर अंगणवाडीत आलेल्या बाईंचं नावसुद्धा प्रेरणाला आठवत नाही. पण सारजाबाईंसारखी वेणी कोणाला येत नाही, त्यांच्यासारखी खिचडी कोणी करत नाही, त्यांच्यासारखं कोणी झोपवत नाही. मला तर पक्कं आठवतं, त्या वेणी चांगली खसकन ओढायच्या, आणि प्रेरणा ओरडायची. आता त्या ओढत नाहीत. गेल्यापासून त्यांनी एकदाही ओढलेली नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आबेदा मॅडम आज गेल्या तर त्या कायमच्या अशाच राहतील, गुडघ्यावर बसून "तीन का नाही, बेटा" विचारणाऱ्या. पाचवीत, दहावीत, कॉलेजात प्रेरणाला प्रत्येक शिक्षक त्यांच्यापेक्षा कमी वाटेल, आणि मी तर वाटेनच. गेलेल्या माणसाशी कोण बरोबरी करणार? त्या राहिल्या, तर मात्र कधीतरी गुण कापतील, वहीवर लाल रेघ मारतील, "कायको बोलती" म्हणून सगळ्यांसमोर रागावतील. प्रेरणा फुरंगटून घरी येईल आणि माझ्याजवळ त्यांची तक्रार करेल. त्या दिवशी मी तिला जवळ घेईन. त्यांची बाजूही घेईन कदाचित, आधी तिचं सगळं मनसोक्त ऐकून घेतल्यावर.

शिवाय आणखी एक आहे. या बाईनं माझ्या घरातलं एक असं पाहिलं, जे मला दिसलं नव्हतं. माझ्या पोरीत आणखी काय काय आहे, जे मी रोज समोर असून बघत नाही? ते सांगायला त्या इथं हव्यात. बिडकीनच्या पोरांना सांगून मला काय उपयोग.

सकाळी कृष्णाचा डबा भरून झाला की, प्रार्थनेच्या आधी, मी साळुंके सरांना फोन करणार आहे. तास चालू ठेवा, चौथीच्या पालकांचं हेच म्हणणं आहे, असं सांगणार. एका पालकाचं तसं म्हणणं नाही, हेही सांगीन, आणि ते का नाही हे सरांनी विचारलं तर "आपल्या" या शब्दाबद्दलही बोलेन; तेवढं आता बोलता येईल असं वाटतं. माझ्याबद्दल विचारलं, तर पोरांचं गणित सुधारलंय, एवढंच कारण देईन. ते खोटं नाही. बाकीचं सरांच्या कामाचं नाही.